पुसणारी आत्या

स्वतःच्या हाताने लिहिलेलं स्वतःच्याच हाताने पुसून टाकण्यात माझ्या आत्याइतका आनंद आजवर पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही झाला नसेल. माणसं लिहितात ते राहावं म्हणून. आत्या लिहायची ते पुसता यावं म्हणून. तारकर्ली-मालवण पट्ट्यातली जी मुलं हायस्कुलात तिच्या हाताखालून गेली, त्यांच्यापैकी एकाचीही विज्ञानाची वही पूर्ण नाही. माझी तर नाहीच, आणि मी तिची सख्खी भाची. उजव्या हातात खडू आणि डाव्या हातात डस्टर घेऊन ती वर्गात शिरायची. फुप्फुसांची आकृती काढत ती फळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं फुप्फुस गेलेलं असायचं. कुणी धीर करून म्हटलंच, "बाई, उतरून घ्यायचंय," तर ती शांतपणे म्हणायची, "हे कशाला उतरवतोस? थांब, याच्याहून चांगली काढते." आणि खरोखरच चांगली काढायची. मग तीही पुसायची.

घरीही तेच. दिवाळीत तुळशीपुढे ती सुरेख रांगोळी काढायची, पण ती पाहण्याचं भाग्य फक्त तिला स्वतःला आणि अंगणातल्या कोंबड्यांना लाभायचं, कारण पाहुणे येईपर्यंत तिसरी रांगोळी पुसून चौथीचे ठिपके चाललेले असायचे. फाटकावर घराचं नाव तिने इतक्या वेळा नव्याने रंगवलं की पोस्टमन ते वाचायच्या भानगडीत न पडता ओल्या रंगाचा वास आला की आमच्याकडे वळायचा. पाकिटाला डिंक लावून झाल्यावर तिला आतल्या पत्रातला एखादा शब्द खटकायचा आणि पाकीट चहाच्या वाफेवर धरलं जायचं. तिची म्हणून जी पत्रं मला आली, ती सगळी सुजलेली आहेत.

अशा बाईच्या हाती निवृत्तीनंतर फ्लॅश मेमरी लागली. नव्या शतकाची पाच-सहा वर्षं उलटली होती. आत्या मालवणात कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली. तिथे शेजारी बसणारी मुलं तिच्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं होती, आणि ती त्यांना येताजाता "ताठ बसा" म्हणायची. तिची ही हौस कानावर गेल्यावर गोव्यात स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिला एक लहानसं सर्किट आणि यूएसबीची केबल भेट दिली. सर्किटावर कुर्लीच्या पिल्लासारखी, दोन्ही अंगांना पाय असलेली एक काळी चिप होती. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा, केबल जोडायची आणि तो प्रोग्राम चिपच्या पोटात उतरवायचा; मग केबल काढा, वीज जाऊ द्या, चिप तो विसरत नाही. कुणालाही ह्या न विसरण्याचं कौतुक वाटलं असतं. आत्याला मोह पडला तो पुढच्या अटीचा. नवीन लिहायचं तर आधी आतलं सगळं पुसावं लागतं, आणि हे पुसणं-लिहिणं हजारो वेळा करता येतं. मी कसालला असते, रविवारच्या एसटीने माहेरी यायची. त्या रविवारी तिने मला पायरीवरच गाठलं. "चेडवा, आयक," ती चिप तळहातावर धरून म्हणाली, "हेच्यात डस्टर आतच आसा."

पण चिप आमच्या घरात खेळणं म्हणून राहिली नाही, त्याला कारण काका. काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. त्यांची आई लवकर गेली आणि आत्याने त्यांना आईच्या मायेने वाढवलं. तिने लग्न केलं नाही त्याचं कारणही गावात हेच सांगतात. काका मासेमारीला जातात. आमच्या घरासमोर पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि तिच्यात होडी जाईल एवढी एकच वाट आहे. खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, टोकाच्या माडावर तिन्हीसांजेला कंदील टांगायची घरातल्या बायकांची जुनी रीत, कारण तो दिवा नाकासमोर धरून आलं की होडी बरोबर त्या वाटेतून आत येते. पूर्वी अंधारात तेवढाच एक दिवा दिसायचा. मग किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, माडामाडावर बल्ब लागले, आणि समुद्रावरून पाहणाऱ्याला आमचा दिवा कुठला नि लॉजचा कुठला हे कळेनासं झालं. एका संध्याकाळी काकांनी शेजारच्या लॉजच्या बल्बचा रोख धरला आणि होडी खडकावर घातली. फळी फुटली, जाळी गेली, काका पोहत आले. "लॉजवाल्यांनी बोलावल्यानी, म्हणान गेलंय," असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आत्या हसली नाही. तिने त्यांच्या सोललेल्या खांद्याला हळद लावली, हात धुतले आणि म्हणाली, "आमचो दिवो आता गप रवाचो नाय. तो बोलतलो."

बोलणारा म्हणजे उघडझाप करणारा. लॉजचे दिवे नुसते जळतात. आमचा ठरावीक तालात लुकलुकला की काका तो हजारांत ओळखतील, असा तिचा साधा विचार होता आणि तो अगदी बिनतोड होता. माडाच्या बुंध्याला एक डबा ठोकून त्यात चिप बसली, होडीची एक जुनी बॅटरी खाली आली, वर दिवा गेला. अडचण एवढीच, की कॉम्प्युटर ओसरीच्या खोलीत आणि केबल खिडकीतून माडापर्यंत पुरेना. आत्याने दोन केबली एकमेकींना जोडून पाहिल्या. तेवढ्या लांबून चिप ओ देईना. माड हलवणं शक्य नव्हतं आणि दर वेळी चिप सोडवून घरात न्यायचा धीर आत्याला नव्हता, म्हणून कॉम्प्युटर खळ्यात आला. त्याच्यासाठी चुडतांचा, माडाच्या झावळ्यांचा, छोटा मांडव उभा राहिला, आणि वरून नारळ पडला तर, म्हणून मॉनिटरच्या डोक्यावर काकीचं लोखंडी घमेलं उपडं बसलं. पर्यटक येताजाता त्या मांडवाचे फोटो काढायचे. त्यांना ती कसली तरी स्थानिक देवता वाटत असावी.

खाऱ्या वाऱ्याने केबलच्या तोंडावर हिरवट गंज चढू लागला. आमची काकी स्वच्छतेची भोक्ती. देव्हाऱ्यातली समई जशी लखलखीत करायची तशी तिने केबलचं तोंड कोकमाच्या सोलांनी घासलं, पाण्याने खळबळलं आणि उन्हात वाळत घातलं. ते सोन्यासारखं चकाकलं आणि दोन दिवसांनी कायमचं बंद पडलं. आत्या रागावेल म्हणून काकी दिवसभर माजघरातून बाहेर आली नाही. आत्याने केबल डोळ्यांजवळ नेऊन निरखली आणि एवढंच विचारलं, "सोलां मिठातली होती काय गो?" काकीने मान डोलावली. "मगे बरोबर," आत्या समाधानाने म्हणाली आणि दुसरी केबल आणायला मालवणला गेली. पुसण्याच्या बाबतीत कुणाचं चुकलं तरी तिच्या मनात त्याच्याविषयी एक जिव्हाळा असायचा.

मात्र चिप पुसायला घेण्याआधी आत्या जे करायची, ते जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामरने केलं नसेल. ती गाऱ्हाणं घालायची. आमच्याकडे शुभकार्याआधी देवापुढे उभं राहून काय व्हायला हवंय ते सगळं मोठ्याने सांगतात आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला होकार भरतात, ते गाऱ्हाणं. हा मान पुरुषांचा, पण घमेलं घातलेल्या मॉनिटरपुढे हरकत घ्यायला कोण येणार? "तू विज्ञान शिकवलंस ना गं आत्या?" असं मी म्हटलं, तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. काय करणार ते एकेक सांगायचं, आणि चार जणांनी ऐकून होय म्हणायचं, म्हणजे काही राहून जात नाही. प्रयोगशाळेतही हेच करतात, फक्त तिथे "म्हाराजा" म्हणत नाहीत. मग पदर खोचून ती सुरू करायची. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज ही चिप पुसूक घेतल्यान आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणायचो.

"केबल हलांदी नको, लाईट जावंदी नको, उंदराक वायर चावूची बुद्धी होवंदी नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि लिवलेला सगळा अक्षरान अक्षर खरा होवंदी रे म्हाराजा."

ह्यावर तिसरा होकार आला की ती बटण दाबायची. होकाराला माणसं कमी पडली तर रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक जायची. मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या शेजारणी टोपल्यांसकट उभ्या राहून "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. पोस्टमन मात्र आता ओल्या रंगाचा वास आला तरी पत्र फाटकात खोचून पळू लागला.

दिवा लुकलुकू लागला आणि काका सुखरूप येऊ लागले. इथे कुणीही थांबलं असतं. पण पुसता येण्यासारखी वस्तू समोर आहे आणि आत्या ती पुसत नाही, हे होणं नव्हतं. पहिला ताल तिला आठवडाभराने साधा वाटू लागला. मग सोमवारचा वेगळा आणि मंगळवारचा वेगळा झाला. मग भरतीला एक, ओहोटीला एक. पुढे दिवा रात्रीच्या जेवणाची खबर देऊ लागला. लांब उजेड म्हणजे बांगडा, आखूड म्हणजे नुसती डाळ. एकदा तिने पाहुणे आल्याची खूण घातली, तेव्हा काकांनी ती बरोबर ओळखली आणि होडी परत समुद्रात वळवली. हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, मलाही वाटायचं. ज्याला त्या उजेडाच्या रोखाने खडकांमधून यायचं होतं, त्याला ते तसं वाटत नव्हतं. एकदा खूण बदलल्याचं त्यांना सांगायचंच राहिलं आणि ते बराच वेळ बाहेर घिरट्या घालत राहिले. घरी आल्यावर ते ओसरीवर बसून म्हणाले, "बाये, ह्यो दिवो आसा काय वर्तमानपत्र?"

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती आणि मी काकीला करंज्या करू लागायला गेले होते. दुपारी होडी लोटायच्या आधी काका मांडवात आले. एरवी थट्टेखेरीज न बोलणारा माणूस त्या दिवशी सरळ बोलला. "बाये, आजपासून एकच खूण. कसली ती तू ठरव. पण परत बदललंस तर मी तुझो दिवो बघूचो सोडतलंय."

"आणि येतलंस कसो?"

"देव नेतलो तसो."

आत्याने कीबोर्ड जवळ ओढला. "बरा," ती म्हणाली, "आज शेवटचा लिवतंय."

शेवटचं म्हटल्यावर तिचा हात चालेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला असं काही लिहायचं होतं जे पुसायचं नव्हतं. एक ताल लिहिला, नको म्हणाली. दुसरा लिहिला, नको म्हणाली. दुपार कलली, आभाळ भरून आलं, वारा उलटा फिरला, तरी तिचं ठरत नव्हतं. शेवटी काकी पीठभरल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली की तिन्हीसांज झाली, होड्या परतायची वेळ झाली. घाईघाईने गाऱ्हाणं झालं, आत्याने बटण दाबलं. चिप पुसून झाल्याचं पडद्यावर आलं. लिहिण्याची पट्टी सरकू लागली आणि अर्ध्यावर असताना वीज गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, पण वीज असल्या वेळा पाळत नसे. टेबलाखालचा यूपीएस किंचाळला आणि लगेच मेला. त्याची बॅटरी कधीच संपली होती, फक्त ओरडायचा हक्क त्याने सोडला नव्हता. चिप पुसून झाली होती, लिहून झाली नव्हती, आणि माडावर काळोख होता.

थोड्या वेळात लॉजवाल्यांचे जनरेटर धडधडू लागले आणि किनारा पुन्हा उजळला, आमचा माड सोडून. वाऱ्याने लाटा फुटताना ऐकू येऊ लागल्या. टोपल्या घेऊन परतणाऱ्या शेजारणी काही न विचारता मांडवाशी येऊन उभ्या राहिल्या. "बॅटरी आसा मां?" काकी म्हणाली, "दिवो तसोच पेटवा."

"तसो पेटवलो तर तो लॉजचो होतलो," आत्या म्हणाली. ते खरंच होतं. तिने डबा उघडला, चिपला बाजूला सारून दिव्याच्या वायरी बाहेर ओढल्या आणि त्यांची टोकं बॅटरीशी धरली. टोक टेकवलं की वर उजेड, उचललं की अंधार. हाताने उघडझाप करता येणार होती, पण कोणती? कशीही केली तर तो बिघडलेला बल्ब वाटला असता. आजची खूण ठरायच्या आधीच काका समुद्रावर गेले होते, आणि गेल्या काही दिवसांत तिने इतक्या खुणा पुसल्या होत्या की काका कोणती शोधत असतील ते तिलाच सांगता येईना. "माका आठवणा नाय गो," ती म्हणाली. आत्याच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली.

"बाय, गाऱ्हाणा घाला," काकी म्हणाली. तिला खूण वगैरे काही सुचवायचं नव्हतं, तिला नुसता देव आठवला होता.

आत्याने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, माझो भाव भायर आसा," आणि बोलता बोलता तिने वायर टेकवली. वाक्य संपेपर्यंत दिवा जळत राहिला, संपल्यावर विझला. बायका म्हणाल्या, "व्हय म्हाराजा," आणि त्या दोन शब्दांवर तिच्या हाताने आपसूक दोन छोटे ठोके दिले. वर माडाच्या शेंड्यात दोनदा लुकलुकलं. आत्या थांबली. तिने मान वर करून पाहिलं आणि तिचा चेहरा फळ्यापुढे व्हायचा तसा झाला. मग ती जाणूनबुजून तसंच करू लागली. वाक्यभर लांब उजेड. होकाराला दोन आखूड. "तेका वाट दिसांदी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "वारो पडांदी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." मागायचं संपलं तेव्हा तिने शेजारणींच्या मुलांच्या परीक्षा मागितल्या, काकीच्या गुडघ्याला आराम मागितला, आंबोलीच्या घाटात गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही सांभाळायला सांगितलं. शेवटी तिचा आवाज उतरला. "ह्या लेकराक पुसूचो हव्यास आसा, ता पोटात घाल रे म्हाराजा." ह्या वाक्याला बायकांचा होकार जरा जास्तच मोठ्याने आला.

होडी वाळूला लागल्याचा आवाज आला तरी तिचा हात थांबला नव्हता. काका ओलेचिंब होऊन खळ्यात आले आणि म्हणाले, "इलंय गो बाये."

"आदी आंग पूस," आत्या म्हणाली. वायर ठेवून ती घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काका चुलीशी बसून सांगत होते, की आधी त्यांना वाटलं कुणाचा तरी बल्ब बिघडलाय. मग लांब उजेडानंतर दोनदा लुकलुकलं आणि त्यांच्याच तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. "गाऱ्हाणा आयकाक येय नव्हता," ते म्हणाले, "पण दिसला."

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर आत्याने तोच ताल चिपमध्ये लिहिला. लिहिलेलं अक्षरान् अक्षर तपासलं. मग चिपला कुलूप घातलं. प्रोग्राममधूनच तसं कुलूप घालता येतं. त्यानंतर आतलं कुणाला वाचता येत नाही आणि त्याची नक्कल करता येत नाही, पुसता मात्र येतं. "म्हणजे मोह राहिलाच की," मी म्हटलं. तिने काकांना हाक मारली आणि होडीच्या सांध्यांना लावायचं डांबर तापवून आणायला सांगितलं. केबल जिथे जोडायची ते डब्याचं तोंड काकांनी तिच्या देखत डांबराने बुजवलं. आत्या हात मागे बांधून उभी होती. पुढे तिने रांगोळ्या पुसल्या, फाटक पुसलं, माझ्या मुलीचं बारशाचं गाणंसुद्धा बारसं चालू असताना दोनदा बदललं. पण त्या डब्याला पुन्हा बोट लावलं नाही.

कॉम्प्युटर नंतर खाऱ्या हवेने गेला आणि त्याच्याबरोबर त्यातलं सगळं लिखाणही. काकांच्या होडीवर आता उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र आहे. गेल्या पावसाळ्यानंतर आत्या गेली, फार न रेंगाळता. तिच्या अस्थी समुद्रात सोडायला काकांच्या होडीतून आम्ही गेलो, आणि परतताना तिन्हीसांज झाली. इतकी वर्षं तो दिवा मी खळ्यातून पाहिला होता, खाली उभी राहून, मान वर करून. ज्याच्यासाठी तो होता त्या जागेवरून मी तो कधी पाहिला नव्हता. किनाऱ्यावर दिव्यांचा नुसता सडा पडला होता. काकांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्या सगळ्यातून एक उजेड लांबला, लांबत राहिला, विझला. आणि दोनदा लुकलुकला. माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघालं आणि मला रडू फुटलं. काकांनी सुकाणू वळवलं, होडी खडकांमधल्या वाटेत घातली, आणि रोज म्हणत असावेत तसं हळूच म्हणाले, "इलंय गो बाये."